काम आहे, जागा नाहीत

बारावीचा निकाल लागला की एक वाक्य घरोघर फिरू लागते : ‘जिऑलॉजी घेऊन काय करणार? त्यात स्कोप नाही.’ समुद्रशास्त्राच्या वाट्याला तर एवढाही विचार येत नाही. त्याचे नाव काढले की ‘म्हणजे मर्चंट नेव्ही का?’ असे विचारून विषय मिटवला जातो. हे म्हणणे आता नातेवाइकांच्या गप्पांपुरते राहिलेले नाही. करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत, वृत्तपत्रांच्या प्रवेश पुरवण्यांत आणि क्लासवाल्यांच्या समुपदेशनात ते अनुभवाचे बोल म्हणून ऐकवले जाते. त्याच्या पुष्ट्यर्थ चार कारणे दिली जातात. सरकारी जागा मूठभर आहेत. खासगी क्षेत्र म्हणजे तेल आणि खाणी, आणि त्या दोन्हींचे दिवस भरत आले आहेत. उपग्रह आणि संगणक आल्यावर दगड हातात घेऊन पाहण्याची गरज उरलेली नाही. आणि चौथे, रानोमाळ भटकण्याचे, महिना-महिना जहाजावर राहण्याचे हे काम मुलींच्या तर उपयोगाचेच नाही.

असे म्हणणारी माणसे मूर्ख नाहीत. मुलाच्या पोटापाण्याची काळजी करणे हे आईबापांचे कामच आहे. म्हणून टवाळी करून भागणार नाही, त्यांना उत्तरच द्यायला हवे. आणि उत्तर देण्याआधी त्यांच्या बाजूने जे खरे आहे ते त्यांच्या पदरात टाकायला हवे.

केंद्रीय लोकसेवा आयोग दरवर्षी भूवैज्ञानिकांसाठी परीक्षा घेतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ या संस्थांना तिच्यातून माणसे मिळतात. २०२३ च्या परीक्षेसाठी जाहिरात निघाली तेव्हा जागा २८५ होत्या. पुढच्याच वर्षी त्या ५६ झाल्या. म्हणजे भरपूर जागा पाहून ज्याने एमएस्सीला प्रवेश घेतला, तो परीक्षेला बसेपर्यंत दार बरेचसे लोटले गेले होते. खासगी क्षेत्राची कहाणीही अशीच. २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेले खनिज तेलाचे पिंप २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरच्या खाली गेले आणि जगभरच्या तेल कंपन्यांनी माणसे कमी केली. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रकमालकांपासून खाणीतल्या भूवैज्ञानिकापर्यंत सगळ्यांच्या चुलीवर त्याचा परिणाम झाला. संशोधन संस्थांत गेलेल्यांची वर्षेच्या वर्षे प्रकल्पावरच्या कंत्राटी नेमणुकांत जातात. प्रकल्प संपला की नेमणूक संपते आणि कायम जागेची वाट पाहता पाहता तिशी उलटते. हे सगळे खरे आहे. यातले एकही वाक्य मला खोडायचे नाही.

मला खोडायचा आहे तो यातून काढलेला निष्कर्ष. २८५ जागांच्या ५६ जागा झाल्या म्हणून एका वर्षात या देशाचे भूशास्त्रीय काम पाचपटीने घटले, असे कोणी म्हणेल का? पाणी तेवढेच खोल आहे, डोंगर तेवढेच उतरते आहेत, समुद्र किनाऱ्याला तेवढाच धडकतो आहे. घटला तो सरकारने त्या वर्षी भरायला काढलेल्या पदांचा आकडा. पदे किती काढायची हे माणसे ठरवतात, ते खडकात लिहिलेले नसते. म्हणून ‘या विषयात काम नाही’ आणि ‘या कामासाठी जागा काढलेल्या नाहीत’ या दोन वाक्यांची गल्लत करू नये. गावात डॉक्टर नाही म्हणून गावात आजार नाहीत असे म्हणण्याइतके ते चुकीचे आहे.

महाराष्ट्रापुरते पाहू. या राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांतून आपले पठार, सह्याद्रीचे कडे, किल्ल्यांचे बुरुजासारखे माथे तयार झाले. या खडकाचा स्वभाव विचित्र आहे. वरचा मुरूम आणि झिजलेला भाग पाणी धरतो. त्याखालचा घट्ट काळा पाषाण जवळजवळ काहीच धरत नाही. त्याला भेगा असल्या तरच पाणी मिळते. दोन थरांच्या सांध्यावर, वायूच्या पोकळ्यांनी भरलेल्या भागात, भेगांच्या पट्ट्यात पाणी असते आणि तिथून चार पावले सरकले की नसते. म्हणून एका शेतकऱ्याच्या विहिरीला मार्चमध्येही पाणी असते आणि बांधापलीकडच्या भावाची विहीर दिवाळीतच तळ दाखवते. हा दैवाचा खेळ नाही. खडकाच्या रचनेचा हिशेब आहे आणि तो शिकता येतो.

तो शिकलेला माणूस आपण किती वेळा बोलावतो? बहुतेक गावांत अजूनही बोअर घेण्याआधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ ठेवतो, तो उभा राहिला की जागा पक्की होते आणि बोअरची गाडी लागते. दोनशे फुटांवर पाणी नाही, चला चारशे. चारशेला नाही, चला सहाशे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली आहेत. ते सुमारे दोनशे फूट होतात. शिवारात काय चालते ते प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कोरड्या बोअरचे पैसे तो कर्जातून भरतो. त्या पैशांतला थोडा भाग खडक वाचणाऱ्या माणसाला मिळाला असता, तर तालुक्या-तालुक्यात भूवैज्ञानिकांचा सन्मानाने संसार चालला असता आणि शेतकऱ्याचेही पैसे वाचले असते.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली. पाण्यासाठी स्वतंत्र भूवैज्ञानिक यंत्रणा हवी, हे शहाणपण त्या वेळच्या राज्यकर्त्यांना होते. आज जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे कार्यालय आणि वरिष्ठ भूवैज्ञानिक असतो. पण राज्यात गावे चाळीस हजारांहून अधिक आहेत. एका कार्यालयाने हजारभर गावांच्या विहिरींची पातळी मोजायची, पिण्याच्या पाण्याचे स्रोत तपासायचे, टंचाईचे अहवाल द्यायचे आणि कायद्याची अंमलबजावणीही पाहायची. भारत जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आहे. अशा देशात भूजलाचा जाणकार बेकार राहत असेल, तर दोष त्याच्या पदवीचा कसा?

पाण्यानंतर डोंगराकडे या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. त्यानंतर सरकारने सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. या वाक्यावर विरोधकांनी गदारोळ केला, पण नेमका प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अशी यादी करतो कोण? ती करायची तर उताराचा कोन, मातीच्या थराची जाडी, खालच्या खडकाची झीज, पाणी मुरण्याच्या वाटा आणि माथ्यावरच्या भेगा पाहाव्या लागतात. सह्याद्रीच्या प्रत्येक वाडीवर चढून हे पाहायचे तर त्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात, आणि तीही दर पावसाळ्याआधी. हे काम एका पाहणीत संपत नाही. नवा रस्ता कापला, नवी सपाटी केली की उताराचे गणित बदलते.

कोकण रेल्वेने हा धडा पैसे आणि प्राण मोजून घेतला आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांवर गाडी आदळून सुमारे पन्नास प्रवासी दगावले. त्यानंतर कटिंगांच्या उतारांवर जाळ्या बसल्या आणि पावसाळ्यात गस्त वाढली. मार्ग १९९८ मध्ये खुला झाला तरी त्याचे भूशास्त्र अजून संपलेले नाही. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने बांधकामाच्या काळात त्रास दिलाच, पण २०२० मध्ये त्याची भिंत कोसळली आणि २०२४ च्या पावसाळ्यात पाणी आत शिरून पुन्हा वाहतूक अडली. बोगदा एकदा खणून झाला की भूवैज्ञानिकाला निरोप द्यायचा असतो, ही समजूत अशी महाग पडते. आज या राज्यात मेट्रोचे, घाटरस्त्यांचे, जलबोगद्यांचे काम जेवढे चालू आहे तेवढे पूर्वी क्वचितच झाले असेल. त्यातल्या प्रत्येक कामाला खडकाचा नकाशा लागतो.

भूकंपाचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरले तेव्हा दख्खनचे पठार स्थिर आहे या विश्वासाला पहिला मोठा तडा गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने तो विश्वास गाडला. त्यातूनच कराडजवळ भूभौतिकी संशोधनाचे केंद्र उभे राहिले आणि कोयनेच्या परिसरात जमिनीखाली तीन किलोमीटरपर्यंत छिद्र घेऊन अभ्यास सुरू झाला. धरणाच्या पाण्यामुळे होणारे भूकंप समजून घ्यायचे तर कोयनेसारखी जागा जगात विरळा. हे काम आपल्या अंगणात आहे आणि आपल्याच मुलांना आपण सांगतो आहोत की तिकडे जाऊ नका.

आता दुसरे कारण : तेल आणि खाणींचे दिवस संपले. तेलाचे दिवस उतरणीला लागतील हे खरे. पण विजेवरच्या गाड्या, पवनचक्क्या आणि बॅटऱ्या हवेतून तयार होत नाहीत. लिथियम, कोबाल्ट, निकेल, तांबे, दुर्मीळ मृदाधातू यांची गरज वाढते आहे आणि म्हणूनच केंद्राने २०२५ च्या जानेवारीत अत्यावश्यक खनिजांसाठी स्वतंत्र अभियान मंजूर केले. याच संदर्भात जम्मूतल्या रियासीची गोष्ट बोलकी आहे. २०२३ मध्ये तिथे ५९ लाख टन लिथियम सापडल्याच्या बातम्या झळकल्या आणि देश श्रीमंत झाल्यासारखे वातावरण तयार झाले. तो अंदाज शोधाच्या प्राथमिक पातळीवरचा होता आणि तो आकडा खनिजसाठ्याचा होता, हाती येणाऱ्या धातूचा नव्हता. पुढे लिलाव काढला तेव्हा पुरेसे बोलीदारच आले नाहीत. जमिनीत काय आहे हे खात्रीने कळल्याशिवाय कोणी पैसा घालत नाही आणि ती खात्री देणे हाच भूवैज्ञानिकाचा धंदा आहे. तिथे कमतरता शोध घेणाऱ्यांचीच होती.

उपग्रह आणि संगणक माणसाची जागा घेतील, या तिसऱ्या कारणाला फार वेळ द्यायला नको. उपग्रह उतार दाखवतो, पण माथ्यावर गवताखाली पडलेली हातभर रुंदीची भेग त्याला अनेकदा दिसत नाही. गावकऱ्यांना ती दिसते आणि तिचा अर्थ भूवैज्ञानिकाला कळतो. साधने वाढली की जाणत्याचे काम वाढते, कारण माहितीचा ढीग वाढतो. ज्याला क्षेत्रकामही येते आणि संगणकावर नकाशेही करता येतात, त्याला आज मागणी आहे.

समुद्राबद्दल आपले अज्ञान याहून गडद आहे. सातशे किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या राज्यात समुद्रशास्त्र म्हणजे काय हे पदवीधरालाही सांगता येत नाही, याची लाज वाटायला हवी. १९५९ ते १९६५ या काळात झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे, मुंबईतही केंद्र आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी या संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधात्विक गोटे वर काढले. त्या कामाच्या जोरावर १९८७ मध्ये भारताला अग्रणी गुंतवणूकदार देश म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आज मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर तळावर शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांचे खोल समुद्र अभियान मंजूर झाले आणि तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारे ‘मत्स्य ६०००’ हे यान बांधले जात आहे. त्या खोलीवरचा तळ खरवडावा की नाही, खरवडल्यास तिथल्या जीवसृष्टीचे काय होईल, हा वादही समुद्रशास्त्रज्ञांवाचून सुटणारा नाही.

पण तळाशी जायचीही गरज नाही, किनाऱ्यावरच काम पडले आहे. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळेल याचे अंदाज देते, लाटांचे इशारे देते. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे २००७ पासून इशारा केंद्रही चालते. उधाण आणि भांग यांचे गणित कोकणातल्या तांडेलाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्या ज्ञानाला या अंदाजांची जोड देणारा माणूस बंदराबंदरावर हवा. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचेच पाहा. वाळू किनाऱ्यालगत सरकत असते. एका गावापुढे दगड टाकून तिची वाट अडवली की पलीकडच्या गावाची पुळण खचू लागते. मग तिथेही बंधारा होतो. लाटांची दिशा आणि वाळूची वाटचाल वर्षभर मोजून मग दगड टाकावेत, एवढे साधे शहाणपण ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात नसते. वाढवणच्या बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाची. त्याच्या बाजूने असा की विरोधात, भरती-ओहोटी, गाळ आणि मासळीच्या जागा मोजणारे स्वतंत्र जाणकार दोन्ही बाजूंना लागणारच. आणि ज्यांना वाटते की या विषयासाठी घर सोडून जहाजावरच जावे लागते, त्यांनी खडकवासल्याला एक चक्कर मारावी. समुद्रापासून इतक्या आत, १९१६ पासून चालत आलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती बांधून लाटा अभ्यासल्या जातात.

मुलींचे नाव पुढे करणाऱ्यांना उत्तर १९८३ मध्येच मिळालेले आहे. त्या वर्षी निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत पहिल्यांदा दोन स्त्रिया गेल्या. सुदीप्ता सेनगुप्ता या भूशास्त्रज्ञ होत्या आणि अदिती पंत या समुद्रशास्त्रज्ञ. पंत मूळच्या नागपूरच्या, मराठी घरातल्या. कायदा मात्र मागे राहिला. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाला घातलेली बंदी तांत्रिक आणि देखरेखीच्या पदांपुरती उठायला २०१९ उजाडले. कायदा बदलला, आता घरातल्यांनी बदलावे.

एक इशारा उलट्या बाजूलाही द्यायला हवा. ‘भूशास्त्र घ्या, तेल कंपनीत लाखांचा पगार घ्या’ असे सांगणारे जाहिरातदारही तितकेच चुकीचे आहेत. नुसत्या बीएस्सीवर या विषयात फारसे काही होत नाही. एमएस्सी हवी. त्यासाठी आयआयटींची जॅम परीक्षा, पुढे गेट किंवा लोकसेवा आयोग असा रस्ता आहे. समुद्रशास्त्राकडे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, गणित यांपैकी कशातूनही वळता येते, गोवा विद्यापीठात तशी सोयही आहे. म्हणजे बारावीला निर्णय चुकला असे मानण्याचे कारण नाही. पण उन्हात चालायची, बोटीवर ओकाऱ्या सहन करायची आणि दोन-चार वर्षे अनिश्चिततेत काढायची तयारी ज्याची नाही, त्याने दुसरे काही पाहावे. हे खरे सांगणे म्हणजे सल्ला. ‘स्कोप नाही’ हा सल्ला नव्हे, तो निव्वळ आळस आहे.

आणि या आळसाचे परिणाम साखळीने होतात. पालक नको म्हणतात, विद्यार्थी घटतात, महाविद्यालये विभाग बंद करायला निघतात. अकरावी-बारावीच्या विषयांच्या यादीत भूशास्त्र आजही आहे, पण ते शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय शोधावे लागते. जाणकार कमी झाले की कामे त्यांच्यावाचून उरकली जातात आणि मग त्यांच्यावाचून चालते असा पुरावा तयार होतो. डोंगर कोसळला की तेवढ्यापुरती समिती नेमली जाते, अहवाल येतो, पदे मात्र निघत नाहीत.

म्हणून पालकांना विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी भूशास्त्राला जायचे म्हणाली, तर हात धरून मागे ओढू नका, प्रश्नाची दिशा बदला. आपल्या जिल्ह्यात भूवैज्ञानिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, दरडप्रवण गावांची पाहणी शेवटची कधी झाली आणि ती कोणी केली, हे सरकारला विचारा. आमदाराला विचारा, ग्रामसभेत विचारा. माहितीच्या अधिकाराखालच्या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.